सर रिटायर झाले, मैदान रिकामं. खो-खो खेळणाऱ्या मुलीची शाळा बदलावी का?

मोटारवाला_धाराशिव

नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

थोरली मुलगी इथल्याच जिल्हा परिषदेच्या प्रशालेत. यंदा नववीत गेली. पाचवीपासून खो-खो खेळते. गेल्या वर्षी शाळेची १४ वर्षांखालच्या मुलींची टीम तालुका मारून, जिल्हा मारून विभागाला गेली आणि तिथं दुसऱ्या मॅचला हरली. पण हिचं नाव झालं. पळतीला (म्हणजे बाद न होता पळायच्या पाळीला) पहिल्या तुकडीत असते.

मी तिची मॅच एकदाच बघितली, जिल्ह्याची, दुकान बंद ठेवून. तुकडीतल्या दोघी बाद झाल्या, ही एकटी उरली. मागं लागलेली पोरगी चांगली उंच होती. ही पोलकडं (मैदानाच्या टोकाचा खांब) अशी निघायची की आता पोलच धरणार, ती पोरगी पोलवर झेप टाकायची, आणि ही तेवढ्यात दोन पावलं मागं सरलेली. तीनदा हेच. चौथ्या वेळी त्या पोरीनं झेपच टाकली नाही, नुसती उभी राहिली, आणि ही आपणहून तिच्या हातात आली. शेजारी उभा असलेला एक माणूस म्हणाला, 'कुणाची हो लेक?' मला काही बोलताच आलं नाही. उगीच चपलेतला खडा काढत बसलो.

आता अडचण सांगतो. पी.टी.चे सर ३१ मेला निवृत्त झाले. (त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म १ जूनचाच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकलेली तारीख. त्यामुळं ३१ मेला प्रत्येक शाळेतलं कोणी ना कोणी नारळ घेऊन घरी जातं.) २४ वर्षं हेच सर होते. पहाटे मैदानावर पाणी मारायचे, फक्की स्वतः ओढायचे, पोरींना गूळ-शेंगदाणे स्वतःच्या खिशातून. शाळा उघडून तीन आठवडे झाले, त्यांच्या जागी कुणी आलेलं नाही. हेडमास्तर म्हणतात, मागणी केली आहे. पी.टी.च्या तासाला पोरं वर्गात बसून गणित सोडवतात.

तेवढ्यात जिल्ह्याच्या गावातल्या एका संस्थेच्या शाळेकडून निरोप आला. मातीऐवजी खेळायला मॅट आहे, कोच आहे, मुलींचं वसतिगृह आहे. फी नाही, मेसचे तेवढे द्या. विचार करून पंधरा दिवसांत कळवा म्हणाले.

घरात प्रत्येकाचं वेगळं. माझी आई म्हणते, चड्डीवर पळायचं वय सरलं आता. मेहुणा म्हणतो, दहावी दोन वर्षांवर आली, खेळ बंद कर. बायको काहीच म्हणत नाही, म्हणजे तिला पाठवायचं नाही. मी मधल्यामधी.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा. इथंच ठेवू की पाठवू? आणि इथं ठेवली तर सरांशिवाय टीम खेळू तरी शकते का?

कोथरूडकर

तुमच्या मेहुण्यांशी सहमत, राग मानू नका. खो-खो ऑलिंपिकमध्ये नाही, त्यात पैसा नाही. छंद म्हणून ठीक आहे. दहावीला खेळाचे २५ गुण मिळतात असं ऐकलं आहे, तेवढे पदरात पाडून घ्या आणि अकरावीला सायन्सला घाला. चौदा वर्षांची मुलगी वसतिगृहात ठेवणं तर मला अजिबात पटत नाही.

शिट्टी

मोटारवाले दादा, मी सोलापूर जिल्ह्यात ३१ वर्षं पी.टी. शिकवली. तुमच्याच सरांसारखा मीही एका ३१ मेला नारळ घेऊन घरी आलो. तेव्हा जरा लांबण लागेल.

आधी कोथरूडकरांचे २५ गुण. ते सरसकट नसतात. २५ ही वरची मर्यादा झाली. मुलगी किती वरच्या पातळीवर खेळली त्यावर गुण ठरतात आणि खालच्या पातळीला अगदी थोडे मिळतात. त्या गुणांसाठी कुणी पहाटे पाचला उठत नाही. उठलं तर महिनाभर टिकत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण सगळ्यात घाईचा तोच. सरांशिवाय टीम खेळू शकते. संघाबरोबर पी.टी.चाच शिक्षक पाहिजे असं काही नाही. शाळेतला कुठलाही शिक्षक व्यवस्थापक म्हणून जातो, मुलींच्या संघाबरोबर बाई असल्या म्हणजे झालं. खरी भीती सरावाची नाहीच, कागदाची आहे. शाळेची नोंदणी, खेळाडूंची नावं ऑनलाइन भरणं, ओळखपत्रावर फोटो आणि हेडमास्तरांची सही, जन्मतारखेचा पुरावा, हे सगळं तालुक्याच्या स्पर्धेआधी व्हायला लागतं. तालुक्याच्या मॅचेस पावसाळ्यातच सुरू होतात. तारीख हुकली की वर्ष गेलं, मग तुमची मुलगी कितीही पळो. तालुका नाही तर जिल्हा नाही, जिल्हा नाही तर विभाग नाही. आणि यंदा ती १४ मधून बाहेर पडून १७ मध्ये जाणार असेल तर टीमच नव्यानं बांधायची आहे. १४ मधल्या किती जणी वर सरकल्या ते आधी मोजा.

कागदाचं एवढं का सांगतो? एकदा मी स्वतः माती खाल्ली आहे. माझ्या एका पोरीची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरला एक आणि आधारला दुसरी. आठ महिन्यांचा फरक. मी फॉर्म रजिस्टर बघून भरला, आधार उघडून बघितलंच नाही. जिल्ह्याला समोरच्या शाळेनं आक्षेप घेतला, आणि त्यांचं चूक नव्हतं. आम्ही जिंकलेली मॅच गेली. पोरं रडतात ते ठीक असतं, दुसऱ्या दिवशी विसरतात. ही रडली नाही. टेम्पो येईपर्यंत कंपाउंडच्या भिंतीवर बसून बुटाची नाडी सोडायची, परत बांधायची, परत सोडायची. ती नाडी मला अजून दिसते. तेव्हा उद्याच दुकानात जायच्या आधी मुलीचं आधार आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवून बघा. नावाचं स्पेलिंगसुद्धा.

हेडमास्तर 'मागणी केली आहे' म्हणतात ते खोटं बोलत नसावेत. पण त्या मागणीच्या भरवशावर राहू नका. पदं संचमान्यतेत ठरतात, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक त्या सरकारी मंजुरीत. संचमान्यता पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर, आणि पट घसरला की पहिली कुऱ्हाड कला-क्रीडावर. मंजूर असलं तरी भरती सरकारच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून, ती कधी निघेल ते देवाला ठाऊक. सहावी ते आठवीला पट शंभरावर असेल तर अंशकालीन निदेशक (थोड्या वेळापुरता कला-क्रीडा शिकवणारा) मिळू शकतो, पण तुमची मुलगी नववीत आहे.

मग करायचं काय? तुमच्या निवृत्त सरांच्या घरी जा. मी गंमत करत नाही. चोवीस वर्षं पहाटे मैदानावर उभा राहिलेला माणूस १ जूनला आठ वाजेपर्यंत झोपेल असं वाटतं का तुम्हाला? मी पहिले दोन महिने रोज साडेपाचला उठून अंगणातल्या मोगऱ्याला पाणी घालत होतो. मोगरा कुजला. मला कुणी बोलावलंच नाही, आणि आपण होऊन जायला लाज वाटते. आपल्या जागेवर आपणच पाहुणे. तुम्ही बोलवा. रीतीनं बोलवा: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या की सर मानधनाशिवाय सकाळी सराव घेतील. कागद असला की हेडमास्तरांनाही बरं आणि सरांनाही मानानं येता येतं. समितीत बहुसंख्य पालकच असतात, त्यातले दोघे-तिघे तुमच्याकडं मोटार बांधून घेत असतीलच.

वसतिगृहाच्या शाळेबद्दल मी वाईट बोलणार नाही, कारण ती मी बघितलेली नाही. मॅटचा मुद्दा खरा आहे. वरच्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीवर शिकलेली पोर मॅटवर पहिल्यांदा उतरते तेव्हा वळताना पाय अडकतो, आणि सूर मारला की कोपर-गुडघ्याची सालटी निघतात. ते अंगवळणी पडतं. पण हुलकावणी मातीवरच शिकावी असं माझं मत आहे, म्हातारा म्हणून हसलात तरी चालेल. मुरमाच्या मैदानावर घसरायची भीती असते, म्हणून पाऊल जपून आणि नेमकं पडतं. तुम्ही लिहिलेली ती दोन पावलं मागं सरण्याची गोष्ट मॅटवर शिकलेली नाही.

आणि ऑलिंपिकचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुली नेपाळला ७८-४० हरवून जिंकल्या, मुलंही जिंकली. मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे आणि मुलांचा प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राच्या संघातली. तुमच्या जिल्ह्याच्या सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला आहे. आईंना हे नाव सांगा. चड्डीवरच पळत होती ती.

जाऊन बघायचं ठरवलंत तर न कळवता जा, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी सहाला. कोच मैदानावर आहे की मोबाइलवर, ते बघा. आणि तीन वर्षांपूर्वी बाहेरगावाहून आणलेल्या मुली आज कुठं आहेत ते विचारा. जिचा गुडघा गेला तिचं काय झालं ते खास विचारा.

आठवा_चौकोन

शिट्टी सरांनी सगळं लिहिलंच आहे. मी खेळणाऱ्या मुलीच्या बाजूनं थोडं लिहिते.

मी बीड जिल्ह्यातली, जि. प. च्या शाळेतच शिकले, आता पोलीस शिपाई आहे. आम्ही वाडीवरच्या मुली मानव विकासच्या, म्हणजे शाळेच्या मुलींसाठीच्या सरकारी निळ्या बसनं यायचो. संध्याकाळचा सराव साडेचारला सुरू आणि बस सव्वापाचला. म्हणजे बूट घालून, मैदानाला दोन फेऱ्या मारून होतायत तोवर ड्रायव्हर काका हॉर्न वाजवायचे. मग सरांनी सराव सकाळी घेतला, तर सकाळची बस साडेनऊला. शेवटी आम्ही चौघी गावातल्या एका मैत्रिणीच्या घरी आळीपाळीनं मुक्कामी राहायचो. तिच्या आईनं दोन वर्षं आमच्या भाकरी केल्या. काका, तुमचं घर गावात आहे. तुमची मुलगी राहिली तर तिच्याबरोबर अशा कितीजणी खेळतात हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल.

आणखी एक, जे बापमाणसांच्या लक्षात येत नाही. शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच असते. नववीत गेलं की बंद. खेळ तोच, भूक दुप्पट, आणि दुपारी आठवीच्या मुली ताट घेऊन बसल्या की आपण नळावर पाणी प्यायला जायचं. मी नववीत पहिल्यांदा मैदानावर चक्कर येऊन पडले. सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. तिला इथं ठेवा नाहीतर तिथं, डब्यात एक उकडलेलं अंडं जास्त द्या. चालत नसेल तर शेंगदाण्याचा लाडू.

नोकरीच्या आरक्षणाचं कुणी सांगेल तर नीट समजून घ्या. खेळाडूंना ५ टक्के आहे, खरं आहे. पण त्याला राज्य पातळीचं पदक वगैरे लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. माझ्याकडं विभागाला भाग घेतल्याचं प्रमाणपत्र होतं. ते आईनं फ्रेम करून भिंतीला लावलंय, भरतीला त्याचा उपयोग शून्य. मी भरती झाले ते साध्या कोट्यातून. पण मैदानी चाचणी ५० गुणांची असते: ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. ८०० ला माझ्याबरोबरच्या मुली शेवटच्या वळणावर तोंड उघडून श्वास घेत होत्या आणि मला वाटत होतं की अजून एक डाव खेळता येईल. गोळ्यात मात्र मार खाल्ला, खो-खोनं दंड कमावता येत नाहीत.

वसतिगृहाबद्दल मी हो किंवा नाही सांगणार नाही. मी गेले नव्हते, माझी मैत्रीण गेली होती. ती राज्य खेळली. ती पहिल्या दिवाळीला घरी आली ती परत जायला तयार नव्हती, हेही खरं आणि मार्च आला तेव्हा सुट्टीतसुद्धा घरी यायला तयार नव्हती, हेही खरं.

तिला विचारलंत का? तुमच्या पोस्टमध्ये आजी आहे, मामा आहे, आई आहे, तुम्ही आहात. तीच काय म्हणते ते नाही.

कोथरूडकर

खिचडीचं मला खरंच माहीत नव्हतं. २५ गुणांचंही अर्धवटच माहीत होतं म्हणायचं. माघार.

मोटारवाला_धाराशिव

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण पाऊस लांबला आणि सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी एकदमच जळाल्या.

ताई, तुम्ही म्हणालात ते खरं, विचारलं नव्हतं. परवा रात्री मोटारीचं कॉइल भरत होतो, ती शेजारी बसून तार मोजून देत होती. तेव्हा विचारलं. म्हणाली, 'मी गेले तर आठच उरतात.' मला आधी समजलं नाही. मग तिनं बोटांवर नावं घेतली. आठवीतून वर सरकलेल्या सात, दहावीतली एक, आणि ही. नऊ. ही गेली तर सगळ्या चौकोनात बसतात आणि उठून पळायला कुणी नाही. मी म्हटलं, अगं तुझं काय ते सांग, त्यांचं नको. तर म्हणाली, 'मॅट बघायचीय मला. राहायचं नाही. बघायचीय.'

शिट्टी सर, आधार बघितलं. तारीख बरोबर आहे, पण आडनावात एक अक्षर कमी. मंगळवारी सेतूत जाणार आहे.

आमच्या सरांच्या घरी काल गेलो. तुमचं लिहिलेलं खरं निघालं. दारात नवी कोरी बाग. भेंडी, कारली, सगळं ओळीत, फक्की मारल्यासारखं सरळ. चहा झाला, पाऊसपाणी झालं, मोटारीचे भाव झाले. विषय काढला तर म्हणाले, 'बघू. गुडघा दुखतो.' मी उठलो. चपला घालताना मागून विचारलं, 'उंच कोण झाली ग्रुपमधी? पोलवर कोण आहे?' मला काय माहीत, मी म्हटलं पोरीला पाठवतो सांगायला.

आज सकाळी ती गेली होती. अजून आलेली नाही, शाळेची वेळ झाली तरी.

एक विचारायचं राहिलं. समितीचा ठराव म्हणालात त्याचा नमुना कुणाकडं असेल तर इथं टाका. आणि हेडमास्तर सही करायला का-कू करायला लागले तर?

शिट्टी

नमुना रात्री टाइप करून टाकतो. हेडमास्तरांचं मन वळवायला एकटे जाऊ नका. त्या नऊ पोरींपैकी चौघींच्या आयांना घेऊन जा, बापांना नको. बाप गेले की राजकारण वाटतं.

आणि मॅट बघायला मुलीला एकटीला नेऊ नका, नऊही न्या. टेम्पोचं भाडं किती होतं ते कळवा, पाचशे माझे धरा.

आठवा_चौकोन

पाचशे माझेपण. आणि अंडी.